वाट दाखवणारा दोरा

दहावीच्या दुसऱ्या सहामाहीत इथल्या गिम्नाझियममधून मुलांच्या दप्तरातून एक पुस्तिका घरी येते. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या शिक्षण मंत्रालयाने काढलेली, दरवर्षी नव्या सालाची. आमच्या टेबलावर सध्या पडली आहे ती २०२८ च्या आबिटूरची. शेवटच्या दोन वर्षांत कोणते विषय घ्यायचे, त्यांचे गुण कसे मोजले जातात आणि परीक्षा कशाकशाची द्यायची, हे सारे तीत आहे. तिचे नाव 'लाइटफाडेन', म्हणजे शब्दश: वाट दाखवणारा दोरा. आपल्या 'सूत्र' या शब्दाचा हा जर्मन चुलतभाऊच म्हणायचा.

सरकारी पुस्तिकेचे परीक्षण लिहिणे कुणाला चमत्कारिक वाटेल. पण आपल्या मंडळातल्या दहावीच्या पालकांनी जितक्या काळजीने ही पुस्तिका वाचली असेल तितक्या काळजीने गेल्या पाच-सहा वर्षांत कोणती कादंबरी वाचली असेल, असे मला वाटत नाही. आणि जितकी चुकीची वाचली असेल तितकीही नाही. मी ती दोनदा वाचली आहे, एकदा मुलासाठी २०२० साली आणि आता मुलीसाठी. पहिल्या वाचनात मी काय केले ते पुढे येईलच. आधी पुस्तिकेबद्दल.

तिचा गाभा थोडक्यात असा. शेवटच्या दोन वर्षांसाठी विद्यार्थ्याने तीन विषय 'लाइस्टुंग्सफाख' म्हणून निवडायचे. हे आठवड्याला पाच-पाच तास, सखोल शिकायचे विषय; आपण त्यांना मुख्य विषय म्हणू. तीनपैकी निदान दोन हे जर्मन, गणित, परदेशी भाषा आणि निसर्गविज्ञाने या गटातून हवेत. तिसरा मोकळा. इतिहास घ्या, चित्रकला घ्या, संगीत घ्या, खेळ घ्या. बाकीचे विषय साधे, आठवड्याला दोन किंवा तीन तासांचे. शेवटी पाच विषयांची परीक्षा. तीन मुख्य विषयांची लेखी आणि दोन साध्या विषयांची तोंडी. एकूण गुण ९००. त्यातले ६०० दोन वर्षांच्या कामाचे आणि ३०० अंतिम परीक्षेचे. ८२३ पासून पुढे १.० ही सर्वोच्च श्रेणी आणि ३०० च्या खाली नापास. बारावीच्या एका मार्च महिन्यावर आयुष्य टांगलेले पाहिलेल्या आपल्या पिढीला या ६०० आणि ३०० च्या वाटणीचे अप्रूप वाटावे, आणि मला ते खरोखर वाटते.

ही रचना फार जुनी नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. २०२० च्या आबिटूरपर्यंत इथे गणित, जर्मन आणि एक परदेशी भाषा सर्वांनाच आठवड्याला चार तास असे. तीन मुख्य विषयांची ही निवड २०२१ च्या तुकडीपासून आली. गणेशोत्सवात मसालेभाताच्या पंगतीत जुने पालक नव्या पालकांना जो सल्ला देतात तो बऱ्याचदा त्या आधीच्या व्यवस्थेचा असतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू उत्तम असतो, नियम मात्र गेलेला असतो.

आता पुस्तिकेचा दोष. ती हिशोबनीस माणसाने लिहिल्यासारखी आहे. कोणते कोर्स धरायचे, कोणते सोडता येतात, पाच गुणांच्या खाली किती चालतात, कुठे शून्य चालत नाही, हे सारे चोख आहे. पण स्थलांतरित घराला जो एक प्रश्न छळत असतो त्याचे उत्तर पहिल्या पानावर ठसठशीत छापायला हवे होते, ते तिथे नाही. प्रश्न असा की, हा विषय सोडला तर पुढे कोणते दार बंद होईल? इथल्या कायद्याप्रमाणे उत्तर असे आहे की जवळजवळ कोणतेही नाही. आबिटूर ही 'सर्वसाधारण' उच्चशिक्षण पात्रता आहे. इतिहास, इंग्रजी आणि जर्मन हे मुख्य विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्या मुलीला यंत्र-अभियांत्रिकीला अर्ज करण्याचा हक्क आहे, आणि गणित-भौतिक घेतलेल्या मुलाला जर्मन वाङ्मयाला. ज्याचे आईवडील स्वत: आबिटूर झालेले आहेत त्याला हे सांगावे लागत नाही, म्हणून पुस्तिका त्यावर थांबत नाही. तिच्या लेखकाच्या डोळ्यांसमोर असलेला पालक इथेच वाढलेला आहे. तुम्ही-आम्ही त्याच्या हिशोबात नव्हतो.

मग आपण काय करतो? आपण ती अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म म्हणून वाचतो.

यात मूर्खपणा नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. महाराष्ट्रात १०+२+३ चा आकृतिबंध आला, १९७५ च्या मार्चमध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि त्यानंतर कला, वाणिज्य, विज्ञान ही तिठ्यावरची पाटी आपल्या दोन पिढ्यांच्या मनात कायमची रोवली गेली. त्या तिठ्याचा एक नियम होता. विज्ञानाकडून कलेकडे किंवा वाणिज्याकडे केव्हाही उतरता येई, पण तिकडून विज्ञानाकडे चढता येत नसे. बारावी सायन्स करून बी.ए.ला गेलेले आपल्या सर्वांच्या ओळखीत आहेत. बारावी आर्ट्स करून इंजिनिअरिंगला गेलेला मला अजून भेटायचा आहे. त्यामुळे 'कळत नसेल तर सायन्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतात' हा वडीलधाऱ्यांचा सल्ला अंधश्रद्धा नव्हती, तो त्या घराच्या बांधणीचा अचूक नकाशा होता. सोलापूर, सांगली, नागपूरहून निघालेल्या कितीतरी मुलांना त्याच नकाशाने इथवर, थेट कार्ल्सरूहेपर्यंत, आणून सोडले. अडचण इतकीच की आपण नकाशा बरोबर आणला आणि घर बदलले.

या शहराचा एक गमतीचा योगायोग सांगतो. १७१५ मध्ये वसवलेल्या कार्ल्सरूहेचे ३२ रस्ते राजवाड्याच्या मनोऱ्यापासून पंख्याच्या काड्यांसारखे निघतात, म्हणून याला 'फेखरश्टाट', पंख्याचे गाव, म्हणतात. आणि जर्मनमध्ये शाळेच्या विषयांचे अनेकवचनही 'फेखर'च! व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोन शब्दांचा संबंध नाही. पण मुलीने हे मला दाखवले तेव्हापासून पुस्तिकेतले विषयांचे कोष्टक पाहिले की मला मनोऱ्यावरून दिसणारे शहर आठवते. तिथे एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जायला आडवे रस्ते आहेत.

पुस्तिकेतल्या ज्या गाठीत आपली मुले सर्वांत जास्त अडकतात ती आता उकलून पाहू, कारण नकाशाची चूक तिथे सर्वांत महाग पडते. आपल्या घरांतला लाडका त्रिकूट म्हणजे गणित, भौतिक आणि रसायन. 'जर्मनची कटकट नको, निबंध नकोत, तिथे आपली मुले मागे पडतात' हे त्यामागचे गणित. पण दोन नियम पानांच्या अंतराने लिहिलेले आहेत आणि ते एकत्र वाचावे लागतात. पहिला असा की अंतिम पाच परीक्षांत जर्मन आणि गणित हे दोन्ही असलेच पाहिजेत. दुसरा असा की भाषा-वाङ्मय-कला, समाजशास्त्रे आणि गणित-विज्ञान-तंत्र या तिन्ही क्षेत्रांतला निदान एकेक विषय त्या पाचांत हवा. म्हणजे ज्याने गणित-भौतिक-रसायन घेतले त्याची दोन्ही तोंडी परीक्षेची स्थळे आधीच ठरून गेली. एक जर्मन आणि दुसरा इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल, धर्म किंवा नीतिशास्त्र यांपैकी एक. जर्मनच्या लेखी परीक्षेत आरामात विचार करून, खोडून, पुन्हा लिहिता आले असते. आता तेच समितीसमोर सुमारे वीस मिनिटे बोलून दाखवायचे, तेही आठवड्याला पाचऐवजी तीनच तास शिकून. भाषेपासून पळालेला मुलगा भाषेच्याच तोंडी जाऊन उभा राहतो.

आणखी एक चाल पाहा. कुणी म्हणेल, गणितही तोंडीच देऊ. मुख्य विषय भौतिक, रसायन आणि इंग्रजी घेऊ. मग तोंडीला जर्मन आणि गणित. पण समाजशास्त्र कुठे गेले? ही निवड नियमात बसतच नाही. ज्या विद्यार्थ्याने जर्मन आणि गणित दोन्ही मुख्य विषयांतून वगळले त्याचा तिसरा मुख्य विषय समाजशास्त्राच्या क्षेत्रातलाच असावा लागतो. हे पुस्तिकेत एका वाक्यात सांगता आले असते. त्याऐवजी वाचकाने दोन अटी जुळवून स्वत: शोधायचे. दोरा आहे, पण त्याचे टोक कोणत्या पानावर आहे ते आपण हुडकायचे.

आता डॉक्टरकीकडे वळतो, कारण आपल्याकडचा दुसरा लाडका त्रिकूट तिच्यासाठी असतो. जीवशास्त्र, रसायन आणि गणित. या बाबतीत निकाल देणारी जागा आपल्या शहरातच आहे. इथल्या घटना न्यायालयाने १८ जुलै १९७२ रोजी वैद्यकीय प्रवेशाच्या मर्यादेवरचा पहिला मोठा निकाल दिला. व्यवसाय निवडण्याच्या स्वातंत्र्यात शिक्षणाची जागा मागण्याचा हक्क आला, तेव्हा जागा नाकारायची तर सरकारने आधी असलेली सर्व क्षमता वापरली पाहिजे आणि निवड न्याय्य असली पाहिजे, असा त्याचा आशय. मग १९ डिसेंबर २०१७ रोजी त्याच न्यायालयाने तेव्हाची प्रवेशपद्धती अंशत: घटनाबाह्य ठरवली. वेगवेगळ्या राज्यांची आबिटूर सरासरी तशीच्या तशी तुलनेला घेणे, अमर्याद प्रतीक्षा आणि केवळ गुणांवर निवड यांवर त्याचा आक्षेप होता. त्यातून २०२० पासून लागू झालेल्या पद्धतीत ३० टक्के जागा आबिटूरच्या उत्कृष्ट गुणांवर, १० टक्के गुणांखेरीज अन्य पात्रतेवर आणि ६० टक्के विद्यापीठांच्या स्वत:च्या निकषांवर दिल्या जातात. त्या निकषांत वैद्यकीय अभियोग्यता चाचणीला बरेच वजन असते.

यातून दहावीच्या पालकाने काय वाचायचे? ३० टक्क्यांच्या त्या पहिल्या वाट्यात विचारली जाते ती सरासरी. जीवशास्त्रात बारा मिळवले की संगीतात, याने तिथे फरक पडत नाही. रसायनाची आवड नसलेली मुलगी केवळ 'डॉक्टर व्हायचे तर रसायन लागतेच' म्हणून पाच तास रसायन घेऊन पंधरापैकी सात-आठ गुणांवर रेंगाळते, तेव्हा ती वैद्यकीच्या जवळ जात नसते, लांब जात असते. अर्थात वैद्यकीच्या पहिल्या वर्षात रसायन येते आणि ज्याचे कच्चे राहिले त्याला घाम फुटतो, हेही खरे. पण तो घाम प्रवेशानंतरचा.

म्हणजे विषयांना काही अर्थच नाही का? आहे, आणि इथे मी आपल्या भीतीच्या बाजूने उभा राहतो. गणिताच्या बाबतीत कायद्याचे उघडे दार आणि वर्गातले बाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या शहरातल्या विद्यापीठाचा वारसा १८२५ च्या पॉलिटेक्निकपासूनचा आहे. हर्ट्झने १८८० च्या दशकात विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या त्या इथे. २००९ मध्ये संशोधन केंद्राशी एकत्र होऊन त्याची केआयटी झाली. तिथे अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात गणित ज्या वेगाने सुरू होते तो तीन तासांच्या साध्या गणितावर आलेल्या मुलाला झेपणे कठीण आहे. हे विद्यापीठांनाही ठाऊक आहे. म्हणून केआयटी आणि श्टुटगार्ट विद्यापीठ मिळून 'मिंट-कोलेग' चालवतात, जिथे गणित-विज्ञानाची उणीव भरून घेता येते. याच राज्यातल्या शाळा आणि उच्चशिक्षण संस्थांच्या शिक्षकांच्या 'कॉश' नावाच्या गटाने, तंत्र आणि अर्थशास्त्राच्या शाखांना येणाऱ्या विद्यार्थ्याला निदान कोणते गणित यावे याची उदाहरणांसह यादीच केली आहे. माझे मत विचाराल तर दहावीच्या घराने मंत्रालयाच्या पुस्तिकेआधी ही यादी वाचावी. तीत गुणांचा हिशोब नाही, फक्त गणिते आहेत. मुलाने ती सोडवायला बसावे आणि आपण गप्प राहावे. अर्ध्या तासात जे कळते ते दोन वर्षांच्या प्रगतिपुस्तकांतून कळत नाही.

दुसरी खरी भीती देशाबाहेरची. मूल परत भारतात वैद्यकीय शिक्षणाला जाण्याची शक्यता असेल तर तिथे अकरावी-बारावीच्या पातळीवर भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी असावे लागते. इथे तर तीनही विज्ञाने शेवटपर्यंत घेणे सक्तीचे नाही. नकळत भौतिक सोडले तर ते दार मात्र खरोखर बंद होते. ब्रिटनमधली विद्यापीठेही एकूण सरासरीबरोबर ठराविक विषयांतले गुण मागतात. जर्मन पुस्तिकेने जर्मनीबाहेरचे सांगावे अशी अपेक्षा करणे जास्त होईल. हे काम आपल्यासारख्या मंडळांचे आहे आणि आपण ते केलेले नाही. आपण पंगतीत 'फिजिक्स घे' एवढेच सांगतो. कुणासाठी आणि कशासाठी, ते सांगत नाही.

खरे दार इथे दहावीत नसून चौथीत आहे, हा विषय एका स्वतंत्र लेखाचा आहे. तरी एवढे नोंदवतो की २०१२ पासून पालकांच्या मर्जीवर सोडलेला गिम्नाझियमचा प्रवेश २०२५-२६ पासून पुन्हा शिक्षकांच्या शिफारशीला आणि 'कॉम्पास ४' चाचणीला बांधला गेला आहे. त्याच वर्षी पाचवी-सहावीपासून नऊ वर्षांचे गिम्नाझियम परत आले, म्हणजे आज सहावीत असलेली मुले ही विषयनिवड अकरावीत करतील. त्यांच्या पालकांनी आमच्या अनुभवाला एक वर्ष जोडून वाचावे. ज्यांची मुले रेआलशूलमध्ये आहेत त्यांनी निराश होऊ नये. दहावीनंतर तीन वर्षांचे व्यावसायिक गिम्नाझियम, त्यात तांत्रिकही आले, तेच सर्वसाधारण आबिटूर देते. आपल्या मंडळात याचा उल्लेख कमीपणाचा असल्यासारखा दबक्या आवाजात होतो. तो का, हे मला कळलेले नाही.

आता माझे पहिले वाचन. २०२० च्या वसंतात शाळा बंद, मुलगा घरात, पुस्तिका टेबलावर. त्याला इतिहास मुख्य विषय म्हणून हवा होता. वादविवादात तो रमायचा, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. मी म्हणालो, इतिहास घरी वाच. गणित, भौतिक, रसायन घे, सगळे दरवाजे उघडे राहतील. हे वाक्य माझ्या वडिलांनी मला सांगितले होते आणि ते बरोबर निघाले होते. हिने एकदा विचारले की त्याला रसायन आवडते का. मी म्हणालो, आवडीचा प्रश्न नाही. मुलगा 'बरं' म्हणाला. तो भांडला असता तर बरे झाले असते.

दोन वर्षे तो रसायनात सहा-सात गुणांवर राहिला. इतिहास दोन तासांचा साधा विषय, त्यात तेरा-चौदा. आठवड्याचे पाच तास जिथे त्याला कमी मिळत होते तिथे आणि दोन तास जिथे तो चमकत होता तिथे. ही वाटणी मी केली होती. तोंडी परीक्षेत जर्मन आणि इतिहास आले, आणि त्या दोन तोंडींनीच त्याची सरासरी काहीशी सावरली. आज तो कायदा शिकतो. ज्या शहरात १९५० पासून देशाचे सर्वोच्च अपील न्यायालय आणि १९५१ पासून घटना न्यायालय आहे, त्या शहरात वाढलेल्या मुलाला कायद्याचे आकर्षण वाटावे यात नवल ते काय? पण ते मला तेव्हा सुचले नाही. मला फक्त केआयटीचा मनोरा दिसत होता.

गेल्या नाताळात घरी आला तेव्हा बहिणीची पुस्तिका चाळत म्हणाला, "बाबा, मी इतिहास घेतला असता तर नेमकं कुठलं दार बंद होणार होतं? मला अजून कळलेलं नाही." रागाने नाही, खरोखर विचारत होता. मी पुस्तिका हातात घेतली आणि शोधले. तीत असे दार नव्हते.

मुलीला गणित, इंग्रजी आणि संगीत हवे आहे. मी आटे घालून तपासले. तोंडीला जर्मन येईल, आणि समाजशास्त्राच्या क्षेत्रासाठी ती नागरिकशास्त्र देईल. तिन्ही क्षेत्रे भरतात. पुढे काय करणार, तर तिला ठाऊक नाही. कधी ध्वनिशास्त्र म्हणते, कधी शिक्षिका, कधी काहीच नाही. मला अजूनही जिभेवर 'भौतिक' येते, हे कबूल करतो. एकदा आलेही. ती म्हणाली, "भौतिक मी साधा विषय म्हणून घेतेच आहे, बाबा, तू पान नीट वाच." वाचले, तर खरेच होते.

अडचण एकच आहे. तिच्या शाळेत संगीत मुख्य विषय म्हणून घेणारी मुले पुरेशी नाहीत. अशा वेळी दोन शाळा मिळून एक वर्ग करतात आणि मुले त्या तासांना दुसऱ्या शाळेत जातात. वर्ग होणार की नाही, हे अजून ठरायचे आहे. तिने मात्र दोन शाळांमधल्या ट्रॅमचे वेळापत्रक काढून फ्रिजवर लावले आहे. मधल्या सुट्टीत निघाले तर अकरा मिनिटे लागतात.